सनद इथली, कोर्ट तिथलं: कॅनडात वकिली सुरू करायचीय तर हे वाचा

"ताई, मी सात वर्षं सेशन्सला प्रॅक्टिस केलीय, ह्यांना टोरंटोला जॉब लागलाय, तर मला तिकडे वकिली करता येईल का?" असा मेसेज महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच. दरवेळी तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. येते, करता येते. मी साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात सहा वर्षं दिवाणी मॅटर्स केली आणि आता ओंटारिओत करतेय, मधे पाच वर्षं गेली, त्यातली दोन मला वाचवता आली असती. परीक्षांनी मला फार त्रास दिला नाही, अभ्यासाची सवय होतीच. रडवलं ते दार उघडायला कुणी नसण्यानं, आणि ते दार बंद ठेवायची कारणं इतकी गोड भाषेत सांगतात की आपल्यावर अन्याय होतोय हे कळायलाच सहा महिने जातात.

मी फक्त ओंटारिओचं सांगतेय, टोरंटो याच प्रांतात येतं. बाकी प्रांतांत एनसीएपर्यंत (डिग्री तपासणारी कमिटी, खाली सांगते) सगळं सारखंच, पुढचे नियम ज्याचे त्याचे वेगळे. क्वेबेकचं तर गणितच निराळं, तिथे सिव्हिल लॉ आहे, म्हणजे आपलं दिवाणी नव्हे, फ्रेंच वळणाची कायद्याची पद्धत.

आधी भारतात असताना काय करायचं ते. एनसीए म्हणजे नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन, बाहेरून शिकून आलेल्यांची डिग्री तपासून कुठले पेपर द्यायचे ते हे लोक सांगतात. त्यांना युनिव्हर्सिटीकडून थेट गेलेली मार्कांची ट्रान्स्क्रिप्ट लागते, तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवलेली चालत नाही. आणि सनद असेल तर बार कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट. ऐकायला दोनच कागद, पण माझी ट्रान्स्क्रिप्ट निघायला चार महिने लागले कारण खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज तीनदा परत केला, तिसऱ्यांदा का तर म्हणे शाई निळी आहे.

नावाची भानगड तर बायकांनी आत्ताच मिटवून ठेवा. मार्कशीटवर माहेरचं नाव, सनदेवर माहेरचं आडनाव पण मधे नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर संपूर्ण सासरचं, आणि एकीचं तर लग्नात नावच बदललेलं, म्हणजे कागदोपत्री ती तीन वेगवेगळ्या बायका झाली! इथल्या माणसाला वडिलांचं नाव मधे असतं आणि लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं हे समजावता समजावता आपण म्हातारे होतो. राजपत्रात नावबदल करून घ्या, मॅरेज सर्टिफिकेटची इंग्रजी प्रत काढा, आणि सगळीकडे एकच नाव येईल असं बघा.

तिसरा कागद कुणी सांगत नाही. तुमच्या सिनियरकडून एक पत्र घ्या. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत काम केलं, काय काय केलं, दावे, कैफियती, उलटतपास, अपील, किती स्वतंत्रपणे केलं, सगळं तपशीलवार. "सालस आणि मेहनती आहे" असलं चारित्र्याचं पत्र नको. हे पत्र का लागतं ते पुढे येईल, पण सिनियर सत्तरीचे असतील तर विमानात बसायच्या आधी घ्या, मी एवढंच सांगते.

एनसीएचे पेपर भारतात बसून ऑनलाइन देता येतात. हे मला माहीतच नव्हतं आणि माझ्या वेळी सगळं आजच्यासारखं ऑनलाइन नव्हतंही. साधारणपणे पाच विषय सगळ्यांनाच लागतात: फाउंडेशन्स ऑफ कॅनेडियन लॉ, कॉन्स्टिट्यूशनल, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, क्रिमिनल आणि प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी. शिवाय लीगल रिसर्च अँड रायटिंगचं एक मॉड्यूल. तुमची डिग्री, मार्क, कॉलेज बघून कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट, प्रॉपर्टी असे अजून लावू शकतात. पोस्टाने केलेलं एलएलबी असेल तर जास्त लागतं, कधी इथल्या लॉ स्कूलमध्ये प्रत्यक्ष बसून कोर्स करायला सांगतात. ओपन बुक असतात, म्हणून कुणी हलक्यात घेऊ नका, प्रश्न प्रसंग देऊन विचारतात आणि पानं उलटायला वेळ मिळत नाही.

जुन्या नोट्स कुणाकडून फुकट मिळाल्या तर आधी त्यात वाविलोव्हची केस आहे का बघा. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने वाविलोव्हमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉचा पायाच नव्याने घातला, त्याच्या आधीच्या नोट्स रद्दीत. (तो वाविलोव्ह रशियन हेरांचा टोरंटोत जन्मलेला मुलगा, आईबाप हेर आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. नागरिकत्व जाणार होतं, केस जिंकला. वाचायला मजा येते.)

आणि कॉन्स्टिट्यूशनलच्या पेपरला अँड्र्यूज येईल. ही केस नीट वाचा, मार्कांसाठी नाही, स्वतःसाठी. मार्क अँड्र्यूज हा ब्रिटिश, ऑक्सफर्डचा, व्हँकूव्हरला आला, सगळ्या परीक्षा पास, पण ब्रिटिश कोलंबियाचा नियम असा की कॅनडाचा नागरिक नसाल तर वकिली नाही. तो कोर्टात गेला, आणि १९८९ ला सुप्रीम कोर्टाने तो नियम उडवला, चार्टरच्या, म्हणजे इथल्या मूलभूत हक्कांच्या जाहीरनाम्याच्या, कलम १५ खाली, म्हणजे समानतेच्या कलमाखाली. त्या कलमावरचा सुप्रीम कोर्टाचा हा पहिला मोठा निकाल. म्हणजे गंमत बघा, या देशातला समानतेचा सगळा कायदा ज्या निकालावर उभा आहे तो बाहेरून आलेल्या वकिलाला सनद नाकारली म्हणून झालेला आहे. अर्थात अँड्र्यूज गोरा होता. त्याच प्रांतात १९४७ पर्यंत आपल्या लोकांना आणि चिनी लोकांना मताचा हक्क नव्हता, आणि वकील व्हायला मतदार यादीत बसण्याची पात्रता लागायची, म्हणजे "भारतीयांनी वकील होऊ नये" असं कुठेही न लिहिता काम चोख झालं. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधली गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते, ही मात्र मला चाळिशीत कळली.

आता खरा मुद्दा, आर्टिकलिंग. एनसीएचं सर्टिफिकेट मिळालं की लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओकडे (आपल्या बार कौन्सिलसारखी इथली संस्था) नाव घालायचं, बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा, आणि कुणातरी वकिलाच्या हाताखाली साधारण आठ महिने उमेदवारी, तिलाच आर्टिकलिंग म्हणतात. परीक्षा द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. उमेदवारीला मात्र कुणीतरी "ये" म्हणावं लागतं, आणि सगळा भेदभाव याच एका शब्दात लपलेला असतो.

हे आजचं नाही. डेलोस रॉजेस्ट डेव्हिस नावाचा कृष्णवर्णीय शिक्षक होता ओंटारिओत, १८७३ ला नोटरी झाला, कायदा शिकला, पण आर्टिकलिंगला एकही गोरा वकील त्याला घेईना. अकरा वर्षं. शेवटी त्याने विधिमंडळाला अर्ज केला आणि १८८४ ला त्याच्या एकट्यासाठी कायदा झाला की आर्टिकलिंग न करता परीक्षा आणि फी घेऊन याला सॉलिसिटर करा. १८८५ ला झाला. मी पहिल्या वर्षी एकशे चाळीसच्या वर अर्ज केले, दोन इंटरव्ह्यू आले, तेव्हा या माणसाचं नाव कळलं असतं तर जरा कमी रडले असते.

माझं नाव वाचूनच अर्ज बाजूला पडतोय हा माझा वहम आहे असं घरचेही म्हणायचे. वहम नव्हता. टोरंटो युनिव्हर्सिटीचे अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी २००९ च्या सुमाराला काही हजार बनावट रिझ्युमे नोकरीच्या जाहिरातींना पाठवले, शिक्षण अनुभव सारखाच, फक्त नावं बदलली. इंग्रजी नावाला भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावापेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त फोन आले. आणि वकिलांचं म्हणाल तर लॉ सोसायटीनेच सर्व्हे करून घेतला होता, २०१४ ला आला, त्यात गोरे नसलेल्या चाळीस टक्के लोकांनी सांगितलं की व्यवसायात शिरताना आपला वंश आड आला. बाकीच्यांत हे सांगणारे फक्त तीन टक्के.

मग करायचं काय?

पहिलं, सिनियरचं ते पत्र काढा. कॉमन लॉ देशात किमान दहा महिने प्रॅक्टिस झाली असेल तर आर्टिकलिंगमधून सूट मागता येते. कॉमन लॉ म्हणजे इंग्लंडकडून आलेली, जुन्या निकालांवर चालणारी पद्धत, आणि भारत कॉमन लॉ देश आहे. मी सहा वर्षं प्रॅक्टिस करून आले होते आणि तरी दीड वर्ष आर्टिकलिंग शोधत फिरले, कारण मला हे कुणी सांगितलं नाही आणि मी वाचलं नाही. अर्जात मात्र कोर्टातल्या कामाचे मुद्दे त्यांच्या भाषेत मांडावे लागतात, ड्राफ्टिंग, क्लायंट इंटरव्ह्यू, अ‍ॅडव्होकसी, फाइल मॅनेजमेंट, असं. "बोर्डावर रोज पंधरा मॅटर्स असायची" हे सांगून त्यांना काही कळत नाही, त्या पंधरात तुम्ही काय केलंत ते लिहा.

सूट मिळत नसेल तर एलपीपी बघा, लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅम. टोरंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीत इंग्रजीतून होतो, चार महिने ट्रेनिंग, चार महिने प्लेसमेंट. इथे कुणाच्या "ये" ची वाट बघायला लागत नाही. "एलपीपीवाले म्हणजे ज्यांना कुणी घेतलं नाही ते" असं काही लोक नाक मुरडून बोलतात. बोलू देत, लायसन्सवर कुठून आलात ते छापलेलं नसतं.

सूट मिळाली तरी माझं मत असं की सहाएक महिने कुणाच्यातरी हाताखाली काढाच, लॉ क्लार्क म्हणून का होईना. इथली फाइल कशी चालते, समोरच्या वकिलाला मेल कसा लिहायचा, हे पुस्तकात नाही. पण फुकट किती दिवस राबायचं ते आधीच ठरवा. वकिलीच्या उमेदवारांना ओंटारिओचा किमान वेतनाचा नियम लागू होत नाही, हे ऐकून मी खुर्चीतच बसले होते, कामगारांचे दावे लढणारी ऑफिसंसुद्धा स्वतःच्या उमेदवाराला शून्य डॉलरवर ठेवू शकतात. आपल्याकडे ज्युनिअरला सिनियर महिन्याला दोन हजार देतो तसंच, फक्त इथे भाडं दोन हजार डॉलर आहे.

दुसरं, अर्जांचा पाऊस थांबवा. एकशे चाळीस अर्जांनी मला काही दिलं नाही, जे मिळालं ते कोर्टात मागच्या बाकावर बसून मिळालं. कोर्ट उघडं असतं, जाऊन बसता येतं. मी आठवड्यातून दोन दिवस लँडलॉर्ड-टेनंटची आणि स्मॉल क्लेम्सची कामं ऐकायचे (भाडेकरूंची सुनावणी आता बहुतेक ऑनलाइनच असते), घरी येऊन कॅनलीवर, म्हणजे फुकट निकाल मिळतात त्या साइटवर, तो मुद्दा शोधायचे, आणि त्या वकिलाला चार ओळींचा मेल, की तुमचा अमुक युक्तिवाद ऐकला, त्यावर हा एक निकाल सापडला, कदाचित उपयोगी पडेल. नोकरी मागायची नाही. नवव्या की दहाव्या मेलला एका वयस्कर वकीलबाईंनी कॉफीला बोलावलं. कॉफी पिता पिता त्यांनी विचारलं, पंजाबीतली कागदपत्रं वाचता येतात का? नाही म्हटलं, पण सातबारा वाचता येतो. त्यांना सातबारा म्हणजे काय ते सांगितलं, पेनाने टिश्यू पेपरवर रकाने काढून, आणि त्यांच्याकडे नेमकी एक वारसाची फाइल पडून होती ज्यात नाशिककडची जमीन होती. त्याच टेबलावर माझं आर्टिकलिंग ठरलं.

तिसरं, इंटरव्ह्यूतली भाषा ओळखायला शिका. "कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का" हा जुना हुकमी एक्का. ओंटारिओच्या ह्यूमन राइट्स कमिशनने २०१३ लाच धोरण काढलं की ही अट प्रथमदर्शनीच भेदभाव ठरते, मालकाने ती खरंच गरजेची आहे हे सिद्ध करावं. आणि १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त लोक असलेल्या ऑफिसला जाहिरातीत किंवा अर्जात ती घालायलाच बंदी आहे. तर आता ती तोंडी येते, "फिट" या नावाने. "यू आर ग्रेट, बट वी आर लुकिंग फॉर अ फिट." यावर भांडून उपयोग नाही. मी एवढंच विचारायचे की नेमकं कुठलं काम मला जमणार नाही असं वाटतंय, एक सांगा, मी करून दाखवते. दोन ठिकाणी समोरचा गप्प झाला. तिसऱ्या ठिकाणी एक मोशन, म्हणजे कोर्टात करायचा अर्ज, ड्राफ्ट करायला दिलं, त्यातून तीन महिन्यांचं काम मिळालं.

"क्लायंटला तुमचा अ‍ॅक्सेंट कळेल का" असंही विचारलंय मला एकाने, स्वतः जाड स्कॉटिश बोलत होता. अ‍ॅक्सेंट बदलायला जाऊ नका. वेग कमी करा. आपण साताऱ्याच्या कोर्टात जज उठायच्या आत संपवायचं म्हणून जे धावतो ना, ते इथे कुणालाच झेपत नाही. आणि "माय लॉर्ड" सोडा, "युवर ऑनर" म्हणा, माझ्या तोंडून पहिल्या तारखेला "मायलॉर्ड" गेलंच, जज हसले, म्हणाले बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

नाव बदलून मिनी किंवा विकी करायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी नाही केलं. फक्त मेलच्या सहीखाली उच्चार तोडून लिहिते.

लायसन्स मिळालं की हे थांबतं का? नाही. एका कोर्टात मी कोट, बॅग, फाइल सगळं घेऊन वकिलांच्या टेबलाकडे जात होते आणि तिथल्या कर्मचाऱ्याने हात आडवा धरला, इंटरप्रिटर तिकडे बसतात म्हणाला. पुढच्या महिन्यात दुसऱ्याने विचारलं की तुमचे वकील कुठे आहेत. दोन्ही वेळा मी हसून कार्ड दाखवलं. हसायला नको होतं असं आता वाटतं, पण त्या वेळी समोर अशील उभा होता आणि त्याची तारीख महत्त्वाची होती.

यावर माझा उपाय म्हणजे रोजनामा. कोर्टात आपल्या मॅटरचा असतो तसाच, स्वतःचा. तारीख, वेळ, कोण होतं, नेमके शब्द काय, साक्षीला कोण. त्याच दिवशी लिहायचं, भावना नकोत, शब्द हवेत. आणि स्वतःला त्या दिवशीच मेल करायचा, म्हणजे तारखेचा वाद नको. मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग मात्र करू नका! कॅनडात बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते म्हणून सामान्य माणसाला ते चालतं, पण वकिलाने दुसऱ्या वकिलाचं किंवा क्लायंटचं बोलणं न सांगता रेकॉर्ड करणं इथल्या आचारसंहितेत बसत नाही. म्हणजे तक्रार करायला जाल आणि आपल्यावरच तक्रार होईल.

कुठे जायचं ते पण सांगते. वकिलाकडून किंवा त्याच्या ऑफिसात त्रास असेल तर डिस्क्रिमिनेशन अँड हॅरासमेंट कौन्सेल म्हणून एक सोय आहे, फुकट, गोपनीय, आणि तुमची परवानगी नसताना लॉ सोसायटीला काही कळत नाही. आधी इथे बोला, उमेदवारांनी तर नक्की, कारण उमेदवाराला वाटतं तक्रार केली तर उमेदवारी पूर्ण झाल्याची सहीच मिळणार नाही. पुढे ह्यूमन राइट्स ट्रिब्यूनल आहे, शेवटच्या घटनेपासून एक वर्षाची मुदत, अर्जाला फी नाही, आणि ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटर फुकट मदत करतं. निकालाला मात्र फार वेळ लागतो, आपल्या दिवाणी कोर्टाची आठवण येते. मी स्वतः ट्रिब्यूनलला गेले नाही, एकदा कौन्सेलशी बोलले, ते लोक मध्यस्थी करतात, त्यात मला लेखी माफी आणि थकलेला पगार मिळाला, तेवढं मला पुरलं. तुमचं वेगळं असू शकतं.

पहिल्या क्लायंटबद्दल थोडंसं. मंडळाच्या गणपतीत भेटलेले सगळे काका "एक छोटीशी शंका होती" म्हणत महाप्रसादाच्या रांगेत अख्खं मृत्युपत्र करून घेतात. फी सांगा. लाजू नका, पहिल्याच वेळी सांगा, नाहीतर मग कधीच सांगता येत नाही. आणि फक्त आपल्याच लोकांची इमिग्रेशनची कामं यात अडकू नका, ती येतातच, पण समोरचे तुम्हाला तेवढ्याच खणात ठेवतात. मी मुद्दाम दरवर्षी दोन कमर्शियल लीजची भांडणं घेते.

लायसन्स हातात येईपर्यंत स्वतःला वकील म्हणवू नका, कार्डावर, लिंक्डइनवर, कुठेच नाही. "अ‍ॅडव्होकेट, भारत, ओंटारिओत परवाना नाही" असं स्पष्ट लिहा. ओळखीतल्या कुणाला सल्ला देऊन पैसे घेतले आणि ते बाहेर आलं तर विनापरवाना वकिलीचं लफडं होतं आणि लायसन्ससाठी भरायच्या गुड कॅरेक्टरच्या, म्हणजे चारित्र्याच्या, फॉर्मवर ते सांगावं लागतं. कॉलेजातल्या मोर्चातली एखादी जुनी केस असेल तर तीही सांगा, लपवलेलं महाग पडतं.

आणि हो, ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज याच आठवड्यात टाका. काळ्या शाईने. पुढे गणपती आहेत, मग नवरात्र, मग दिवाळी, खिडकी उघडी सापडायची नाही.